आठ वेळा रंगवलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. होडीला डोकं नसतं म्हणाल, पण नऊ निवडणुका पाहिल्यावर दगडालाही डोकं फुटेल. माझं दुखणं आधीच सांगते. माझ्या तळाचा एक सांधा सुटलेला आहे. त्यातून पाणी येतं. आणि रोज सकाळी पलीकडच्या गावची बावीस मुलं माझ्यात बसून अलीकडच्या शाळेत येतात.

मला घडवलं त्या सुताराचा हात मोठा देखणा होता. त्याने फळीला फळी भिडवली, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला आणि वरून डांबर ओतलं. पहिल्या दिवशी तात्या नावाड्याने मला पाण्यात ढकललं, तेव्हा आत एक थेंब आला नाही. सगळा गाव बघायला आला होता. त्या दिवसाची आठवण आली की अजून बरं वाटतं.

त्याच वर्षी माझी पहिली निवडणूक झाली. पलीकडच्या गावामागे उभा डोंगर, म्हणून मतपेट्या माझ्यातूनच जायच्या. उभे होते शाळेतले गुरुजी. पलीकडच्या चारशे मतांनी ते निवडून आले आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतः धोतर खोचून काठावर हजर. सोबत सुताराला आणलं होतं. दोघांनी मला उलटी करून एकेक सांधा बोटाने चाचपला, जिथे ढिला तिथे कापूस भरला, आणि सगळं वाळल्यावर वर निळा रंग दिला. तात्या म्हणाला, "आमदारसाहेब, हे तुमचं काम नव्हे." गुरुजी म्हणाले, "अरे, पूल होईपर्यंत हाच पूल. आणि पुलाची जबाबदारी माझी."

दुसऱ्या निवडणुकीनंतरही त्यांनी तसंच केलं. पुलाचा कागदही मंजूर करून आणला. पण त्यानंतर तिसऱ्या वर्षी गुरुजी वारले आणि कागद कुठल्या कपाटात गेला कोण जाणे.

पोटनिवडणुकीत त्यांचा पुतण्या निवडून आला. त्याला कुणीतरी आठवण करून दिली, की निवडून आलेल्याने होडी रंगवायची, अशी आपल्याकडची रीत आहे. बघा हं, गुरुजींनी चार कामं केली होती, त्यातलं लोकांना शेवटचं तेवढं दिसलं. पुतण्याने पक्षाच्या रंगाचे दोन डबे पाठवले. सांधे कुणी चाचपले नाहीत. रंगावर रंग चढला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून हेच चालत आलं. पुढे कंत्राटदार आला. तो एकसष्ट मतांनी जिंकला, तीही आमच्या काठच्या पेटीतून. त्याने मला हार घातला, माझ्यासोबत फोटो काढला आणि भाषणात म्हणाला, "ही होडी माझी आई आहे." पुढची पाच वर्षं आईकडे फिरकला नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. पुढच्या खेपेलाही तोच जिंकला. त्यानंतर पुतण्या परत आला, पण पक्ष बदलून, म्हणजे रंगही बदलून. त्याच्यानंतर त्याची बायको आली, लोक तिला वहिनी म्हणायचे. प्रत्येकाने पूल कबूल केला आणि प्रत्येकाने मला रंगवलं. माझं वजन वाढत गेलं. खालचा कापूस मात्र कुजत गेला.

मग कुणीतरी नकाशा घेऊन बसलं आणि मतदारसंघाची हद्द नव्याने आखली. हद्द कुठे यावी, तर बरोबर नदीच्या मधोमध. आठव्या निवडणुकीपासून अलीकडचा काठ एका आमदाराचा, पलीकडचा दुसऱ्याचा. अलीकडचा म्हणाला, पलीकडची मतं मला पडत नाहीत, मी पूल कशाला बांधू? पलीकडचा म्हणाला, पूल जिथून सुरू होणार ती जमीन माझ्या हद्दीत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते मी अंगावर अनुभवलं. रंग मात्र दोघांनी दिला. मला बांधायचा खांब अलीकडे, म्हणून उजवी बाजू अलीकडच्याने हिरवी केली. माणसं पलीकडची, म्हणून डावी बाजू पलीकडच्याने पिवळी केली. नदीवरच्या बदकांनाही हसू आलं असेल.

आता तात्या थकला आहे. त्याची सून मला वल्हवते. एका हाताने वल्हं आणि दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसणं, ही तिची रोजची कसरत. मोठी मुलं तिला मदत करतात. धाकटी दप्तर मांडीवर घेऊन बसतात, वह्या भिजू नयेत म्हणून. एवढ्या वर्षांत मी एकालाही पाण्यात पडू दिलं नाही. पण किती दिवस? मला स्वतःचाच भरवसा वाटत नाही आणि हे कुणाला सांगताही येत नाही. म्हणून माझा संताप होतो.

गेल्या आठवड्यात नववी निवडणूक होती. आधी एक अधिकारी मला तपासायला आले. भला माणूस. गुरुजींनंतर माझा सांधा बोटाने चाचपणारे तेच पहिले. बोट ओलं झालं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यावर एक कागद चिकटवला: 'मतदान यंत्रे नेण्यास अयोग्य.'

मला वाटलं, चला, कुणीतरी खरं लिहिलं. आता माझी दुरुस्ती होईल.

तात्याच्या सुनेने कागद वाचला. ती म्हणाली, "साहेब, यंत्रं बुडतील म्हणता. मग ह्या पोरांचं काय?"

अधिकाऱ्यांनी कागदाची सुटलेली कड बोटाने दाबली. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, शाळा माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त मतदान आहे. मी वर कळवतो."

मतदानासाठी इंजिनाची नवीकोरी बोट आली. यंत्रं रबरी पिशव्यांत बांधली होती आणि त्यांना तरंगणारी जॅकेटंसुद्धा घातली होती. ती सुखरूप गेली, सुखरूप परत आली. संध्याकाळी बोट ट्रकवर चढवून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस मुलं आली आणि माझ्यात बसली. कागद अजून माझ्यावरच होता. पाचवीतल्या एका मुलीने तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "काकू, आपण यंत्रं नाही ना?" सून म्हणाली, "नाही गं बाई. बस नीट." आणि तिने वल्हं मारलं.

मित्रांनो, परवा निकाल आहे. दोन्ही काठांवर रंगाचे डबे येऊन पडले आहेत. तुमच्यापैकी कुणी इथून जाणार असेल, तर जिंकणाऱ्यांना माझा एक निरोप सांगा. हार नको, फोटो नको, रंग तर मुळीच नको. पूल होईल तेव्हा होवो. आधी मला उलटी करा आणि सांध्यात मूठभर कापूस भरा. एका सकाळचं काम आहे, आणि ते शाळेच्या सुट्टीच्या दिवशी करा, कारण बाकीच्या दिवशी मुलं माझ्यात असतात.