भुंकणारा पाहिजे

माणूस फाटकातून आत आला की मी आधी त्याच्या चपला बघते, मग हात, आणि मग त्याला बसायला सांगते. नऊ वर्षं सांगलीतली बेवारस कुत्री लोकांच्या घरी लावून देण्यात गेली. तेवढ्यात माणूस ओळखायला आला नाही तर काय उपयोग? कुत्रं देणं म्हणजे पोरगी देण्यासारखं, असं मी सगळ्यांना सुनवायची. घर बघितल्याशिवाय देणार नाही. चार पानांचा फॉर्म भरल्याशिवाय देणार नाही. घर भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र आणा, वय पासष्टच्या वर असेल तर मागे बघणारं माणूस दाखवा. लोक मला खडूस म्हणायचे. मला ते आवडायचं.

नगारा आमच्याकडे तीनदा परत आला होता. अंगानं धडधाकट, तांबूस रंगाचा, एक कान दुमडलेला. चावरा अजिबात नाही. फक्त भुंकायचा. आणि तेही असं की शेडचे पत्रे थरथरावेत. पहिल्या घरी सासूबाईंना त्रास झाला, दुसऱ्या घरी पोराची दहावी होती, तिसऱ्यांनी तर कारणही सांगितलं नाही, फाटकाला बांधून गेले. माधवनगरला आमच्या शेडमागे नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिथल्या लोकांनी सह्या गोळा केल्या आणि शेडच्या मालकानं मला निर्वाणीचं सांगितलं, की महिनाअखेर हे कुत्रं गेलं नाही तर चाळीसच्या चाळीस कुत्री घेऊन तुम्ही निघा. नगाऱ्याला घर मिळालं नाही तर सगळ्यांचंच छप्पर जाणार होतं.

त्याला मागणारं एक माणूस होतं. मनुबाई. पलीकडच्या चाळीत एका खोलीत एकटी राहायची. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत मागावर उभी राहिली, त्या खडखडाटात तिचे कान गेले. उजवा साफ गेला, डाव्यात थोडी धुगधुगी. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू यायचं, नाहीतर नाही. ती रोज सकाळी दूध-भाकरी कुस्करून आणायची. तिला बघितलं की नगारा शेपटापासून नाकापर्यंत हलायचा आणि भुंकायला लागायचा. आम्ही सगळे कानांवर हात ठेवायचो. ती मात्र डावा कान जाळीला लावायची आणि लहान पोरीसारखी हसायची.

"ताई, ह्याचं मला ऐकाय येतं बगा," ती म्हणायची. "दुसऱ्या कुनाचं न्हाई येत. ह्यो तेवडा माज्याशी बोलतो. द्या की मला."

रविवारी आमच्याकडे दत्तक शिबिर असतं. गाड्या घेऊन माणसं येतात, पिल्लांसोबत फोटो काढतात. अशाच एका रविवारी तिनं सगळ्यांसमोर पुन्हा विषय काढला. मी फॉर्म उघडला. घर भाड्याचं. मालकाचं पत्र नाही. वय सदुसष्ट. मागे बघणारं कोणी नाही.

"आजी, तुम्ही गेल्यावर याला कोण बघणार?" मी विचारलं.

तिला ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं विचारलं. तरी नाही. मग मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "तुम्ही मेल्यावर याला कोण बघणार?"

सगळ्या आवारानं वळून बघितलं. मनुबाईनं पदर सावरला.

"म्या हाय की अजून," ती म्हणाली.

मी फॉर्म मिटला. नियम म्हणजे नियम. एकीला सूट दिली की उद्या दहा जण येतात. असं मी स्वतःला सांगितलं, आणि खरं बोलायचं तर सांगावंही लागलं नाही. मला त्यात काही चुकीचं वाटलंच नव्हतं.

महिना संपायला सहा दिवस उरले असताना दिग्विजय जाधव आला. उंब्रजच्या पुढे त्याचा मळा. सतरा वर्षं फौजेत काढून आलेला, चाळिशीचा गडी. बूट पॉलिश केलेले, नखं कापलेली, बोलणं थेट. पिल्लांकडे त्यानं बघितलंही नाही.

"मॅडम, मला भुकनारं पायजे. लय भुकनारं. बाकी काळं-गोरं कसलंबी चालंल."

मला हसू आवरेना. मी त्याला सरळ नगाऱ्यासमोर नेलं. नगारा सुरू झाला तो थांबायलाच तयार नाही. दिग्विजय हाताची घडी घालून पाच मिनिटं ऐकत उभा राहिला.

"किती येळ भुकतं असं?"

"तासन्‌तास," मी म्हटलं. "अनोळखी जागी बांधलं तर रात्रभरसुद्धा. दम म्हणून लागत नाही याला."

पोरीच्या स्वयंपाकाचं कौतुक सांगावं तसं मी सांगत होते.

"मग हेच द्या," तो म्हणाला.

तरीही मी घर बघायला गेले. नियम म्हणजे नियम. चारी बाजूंनी ऊस, मधे दुमजली बंगला, फरशी पुसून लखलखीत. सोफ्यावर एक गलेलठ्ठ लॅब्रॅडॉर लोळत होता. दिग्विजयच्या बायकोनं, संयोगितानं, मला चहा दिला आणि त्या लॅब्रॅडॉरला बिस्किट. "ह्यो आमचा शेरू. पोरावानी वाढवलाय," ती म्हणाली. ज्या घरात कुत्रं सोफ्यावर झोपतं, तिथं आणखी काय बघायचं? मी मनातल्या मनात सही करून टाकली होती.

मग दिग्विजयनं मला गोठ्यामागे नेलं. तिथं लोखंडी पिंजरा होता, नवाकोरा, हिरवा रंग दिलेला. आत दोन भाग, एक लहान, एक मोठा. मधे जाड जाळी. मोठ्या भागाला वरून खाली पडणारं दार.

"एवढा मोठा?" मी म्हटलं.

"बिबट्या हाय हितं. शेजारच्या वस्तीवरनं दोन कुत्री उचलली. लोखंडीच करावं लागतंय."

मी भारावून गेले. एका रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी या माणसानं दोन खोल्यांचं लोखंडी घर केलं होतं! लहान भाग झोपायला आणि मोठा खेळायला, हे मीच ठरवलं. त्यानं तसं काही म्हटलं नाही. मी त्या पिंजऱ्याला टेकून फोटो काढून घेतला आणि गाडीत बसल्या बसल्या फेसबुकवर टाकला: "याला म्हणतात प्राणिप्रेम! शहरातल्या लोकांनी शिकावं." संध्याकाळपर्यंत दोन हजार लोकांनी बदाम दिले.

दुसऱ्या दिवशी नगारा गेला. मनुबाई भाकरी घेऊन आली तेव्हा त्याची जागा धुऊन झाली होती. मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, बंगल्यात गेला, मोठ्या लोकांकडे गेला.

तिनं भाकरीचं भांडं पदराखाली धरलं. "भुकाय देत्यात न्हवं तितं?"

"भुंकण्यासाठीच नेलाय आजी!"

तिचा चेहरा उजळला. "मग बरं झालं," ती म्हणाली. "लय बरं झालं."

आमचा नियम आहे, दर आठवड्याला कुत्र्याचा फोटो पाठवायचा. पहिला फोटो आला. नगारा लहान भागात, पुढं पाण्याची वाटी, तोंड उघडं. भुंकताना काढलेला. मी तो मनुबाईला दाखवला. ती स्क्रीनला कान लावायला गेली.

दुसरा फोटो आला नाही. फोन आला.

"मॅडम, काम झालं. कुत्रं न्या परत."

"कसलं काम?"

"बिबट्या घावला की!"

तरीही मला चटकन कळलं नाही, एवढी मी हुशार. त्यानंच सगळं सांगितलं, अगदी मोकळेपणानं. पिंजरा उसाच्या बांधावर नेऊन ठेवला होता. लहान भागात नगारा, मोठा भाग उघडा. भुंकणं ऐकून बिबट्या येतो आणि आत शिरला की दार पडतं. अकरा रात्री नगारा भुंकला. बाराव्या रात्री बिबट्या आला. सकाळी माणसं येईपर्यंत दोघं एका जाळीच्या अलीकडे-पलीकडे होते. जाळी टिकली. बिबट्याला नंतर वनखात्याची माणसं गाडीतून घेऊन गेली. जाण्याआधी अख्ख्या गावानं त्याच्यासोबत फोटो काढले.

मी फोनवर किंचाळले. तुला लाज नाही, मी पोलिसात जाईन, तुझा शेरू का नाही बांधलास?

"शेरू घरचा हाय," तो शांतपणे म्हणाला. "आन मी काय लपवलं, मॅडम? भुकनारं पायजे म्हनलो. बिबट्या हाय म्हनलो. पिंजरा तुमी डोळ्यानं बगितला, टेकून फोटो काडला. रातभर भुकतंय, हे तर तुमीच सांगितलं. तवा मला विचारायचं हुतं."

मी फोन ठेवला आणि सगळ्यात आधी फेसबुकवरचा तो फोटो काढून टाकला. पोलिसात मी गेले नाही. गेले असते तर पहिला पुरावा माझाच निघाला असता.

नगारा आला तो रविवार होता. अंगावर ओरखडा नाही. आमच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि म्हणाले, भुंकून भुंकून आवाज गेलाय, परत येईल असं काही दिसत नाही. मी फाटकावरच्या त्याच्या पाटीवरचं जुनं खोडलं आणि लिहिलं: शांत, भुंकत नाही. दुपारपर्यंत तीन कुटुंबांनी त्याची चौकशी केली.

चारच्या सुमारास मनुबाई आली. नगारा परत आल्याचं कुणीतरी तिला खुणेनं सांगितलं होतं. हातात भाकरीचं भांडं होतं आणि चाळीच्या मालकाचं पत्रही, कुठून कसं मिळवलं तिलाच माहीत. पाठीमागे तिच्या नात्यातली कोणी सृष्टी नावाची मुलगी, मागे बघणारं माणूस म्हणून सही करायला आणलेली.

नगाऱ्यानं तिला बघितलं. तो उठला, जाळीवर पाय टाकले, शेपटापासून नाकापर्यंत हलला आणि भुंकायला लागला. तोंड उघडत होतं, मिटत होतं, मान झटके देत होती. आवाज नव्हता. मनुबाईनं हसत हसत डावा कान जाळीला लावला.

हसू हळूहळू गेलं. तिनं कानात बोट घालून फिरवलं, पुन्हा कान लावला. नगारा जीव तोडून भुंकत होता.

"ताई," ती माझ्याकडं वळली, "ह्याचं बी ऐकाय येईना वो. तुमी बोला बरं कायतरी. हितं, कानाशी."

आवारात तीसेक माणसं होती. त्याचा आवाज कसा गेला हे खरं सांगायचं तर ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि तिला तीनदा सांगितल्याशिवाय कळत नाही. मी तिच्या डाव्या कानाशी वाकले. ओठ हलवले. आवाज काढला नाही.

मनुबाईनं कान आणखी जवळ आणला.

"गेलं," ती म्हणाली. "पार गेलं माजं."

मग तिनं जाळीतून हात घालून त्याचं डोकं कुरवाळलं. "भुक बाळा, भुक," ती म्हणाली. "तुजं काय चुकलं न्हाई."