ताईच्या चार तारा

खोटं कशाला बोलू, हे सगळं माझ्याच हातांनी झालं.

बाबा होते तेव्हा त्यांनी भिंतीतून नेटची एकच केबल ओढली होती. तिच्यात आठ तारा. चार माझ्या खोलीला, चार पलीकडे ताईच्या खोलीला. "भांडू नका, दोघांना पुरेल," म्हणाले होते. पुरतही होतं. पण मी ऑफिसातून आल्यावर व्हिडिओ एडिटिंगची कामं घ्यायला लागलो आणि तो वेग मला गोगलगाईचा वाटायला लागला. दहापट वेग हवा तर आठही तारा लागतात. नवी केबल टाकायची म्हणजे भिंत फोडा, गवंडी शोधा. मला कुठला दम निघतोय! रविवारी ताई बाहेर गेल्यावर मी भिंतीतला डबा उघडला, तिच्या चार तारा काढल्या आणि माझ्याकडे जोडल्या. तिला वायफाय आहे की, अशी मनाची समजूत घातली. वायफाय तिच्या खोलीपर्यंत जेमतेम पोचतं, हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

ताई सकाळी ऑनलाइन गणित शिकवायची. घटस्फोटानंतर मिळालेलं पहिलंच काम, तेही महिनाभर बघू आणि मग ठेवू, या बोलीवर. सोमवारपासून तिचा आवाज तुटायला लागला.

"अरे, असं अचानक काय झालं असेल?" तिने विचारलं. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं कळलं हिला. पण तीच पुढे म्हणाली, "लॅपटॉप म्हातारा झाला बहुतेक. बघतोस का जरा?"

आणि मी मेल्याने तो उघडून, धूळ झटकून परत दिला! माझी कामं फटाफट उरकत होती, आणि सांगायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो.

शुक्रवारी घरी आलो तर ती पलंगावर बसलेली.

"नको म्हणाले," ती म्हणाली. "मुलांना धड ऐकू येत नाही म्हणे. माझंच नशीब फुटकं, दुसरं काय."

नशिबाला बोल लावला हो तिने!

"ताई, तुझ्या तारा मी काढल्या. मला वेग हवा होता म्हणून."

दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तू नऊला ऑफिसला जातोस," ती म्हणाली. "माझा क्लास दहाला. सांगितलं असतंस तर तुझ्या खोलीत बसून घेतला असता की रे."