पिवळा ठिपका

रामटेक्यांच्या घरात पिवळा ठिपका नसलेली वस्तू म्हणजे परकी वस्तू. कुकरच्या बुडाशी ठिपका, मिक्सरच्या पाठीला ठिपका, पंख्याच्या दांडीवर ठिपका, एवढंच काय, घरधनीण गीताबाईंच्या शिलाई मशीनच्या पायालाही ठिपका. देवीदास रामटेके तेहेतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात एक्झामिनर होते. तिथे तपासून पास केलेल्या प्रत्येक तुकड्यावर ते आपल्या नंबरचा शिक्का ठोकत. रिटायर होताना शिक्का जमा करावा लागला, सवय काही जमा झाली नाही. मग त्यांनी पिवळ्या रंगाची छोटी बाटली आणि बारीक ब्रश आणला आणि रांझी वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत मालाची तपासणी सुरू केली. पास झाला तर ठिपका, नाहीतर दुकानात परत. गीताबाईंच्या चार कढया अशा परत गेल्या, पाचवी टिकली.

ठिपका लावायचा हक्क मात्र फक्त त्यांचा. एकदा लेक यशोधरेनं आपल्या नव्या हेल्मेटवर हौसेनं ठिपका लावला होता. बाबांनी तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढला आणि सांगितलं, की तपासल्याशिवाय लावलेला ठिपका म्हणजे खोटी सही. यशोधरा तेव्हा आठ दिवस फुगून बसली होती. त्यानंतर तिनं त्या बाटलीला हात लावला नाही.

त्यामुळे शनिवारी सकाळी मोबाइलवर ती जाहिरात दिसली तेव्हा तिला आनंद झाला आणि पाठोपाठ बाबांची तपासणीही आठवली. बाजारातल्या बड्या फुहाऱ्याच्या, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या, मागच्या गल्लीत, साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर तयार डेस्कटॉप विकायला होता. आतून सगळं जोडलेलं, घरी न्या आणि बटण दाबा. मेमरी सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड वेगळं, आणि किंमत एकतीस हजार. बाजारात हेच सगळं अठ्ठेचाळीसच्या खाली कुणी देत नव्हतं, हे तिला पाठ होतं, कारण गेले सहा महिने ती जेवताना तोंडी लावायला भावच वाचत होती. लोकांना घरांचे नकाशे काढून देऊन तिनं पस्तीस जमवले होते. आणि दुकानात अशी दोनच मशीनं उरली होती.

सोमवारी संध्याकाळी नागपूरच्या मैत्रेयी मॅडमना तिला एक व्हिडिओ पाठवायचा होता. मॅडमचं घरं बांधणाऱ्यांसाठी चित्रं करून देणारं ऑफिस होतं. तिलवाऱ्याला नर्मदेकाठी बांधायच्या एका घराचा नकाशा त्यांनी पाठवला होता, आणि त्या घरात दारातून गच्चीपर्यंत फिरून येणारा तीन मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता. तो जमला की दर महिन्याचं काम, तेही घरी बसून. घर तिनं मन लावून तयार केलं होतं. पण तिचा जुना लॅपटॉप त्या घराच्या उंबऱ्यावरच जीव सोडायचा. विसाव्या सेकंदाच्या पुढे तो कधी गेलाच नाही.

तिनं बाबांना जाहिरात दाखवली. बाबांनी चष्म्यातून किंमत वाचली, मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"एवढं सस्त काहून देऊन राहिला तो?" ते म्हणाले, आणि खुंटीवरची पिशवी काढली. पिशवीत बाटली होती, ब्रश होता आणि सामान लटकवून मोजायचा हुकाचा वजनकाटाही होता.

काटा पाहून यशोधरेनं कपाळाला हात लावला. पण स्कूटरवर मागे बसलेले बाबा वाटभर समजावत राहिले, की माणूस खोटं बोलतो, लेबल खोटं बोलतं, वजन बोलत नाही. कारखान्यात हलका तुकडा हातात आला की ते डोळे मिटून सांगत, आत पोकळी आहे. आणि पोकळी निघायचीच. कम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण लोखंड ते लोखंड, असं त्यांचं म्हणणं.

दुकानदाराचं नाव ललित. वय पस्तिशीचं, बोलणं भरधाव. बाबांनी काही न विचारता काट्याला एक कॅबिनेट लटकवलं, तेव्हा त्याची भरधाव गाडी पहिल्यांदा थांबली. दोन्ही मशीनं बाहेरून सारखी, पण दुसरं पाऊण किलोनं जड भरलं. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. हलकं त्यांनी पायानं बाजूला सारलं, जडावर हात ठेवला आणि पास म्हणून सांगितलं. बाटलीचं झाकण त्यांनी उघडलंसुद्धा.

"बाबा, रुको ना," यशोधरा म्हणाली. "आधी मी चालवून पाहते."

ती पेन ड्राइव्ह घेऊन आली होती. ललितनं वायरी जोडल्या, मशीन सुरू झालं आणि तिनं तिलवाऱ्याच्या घराची फाइल उघडायला घेतली. लॅपटॉपवर याला अकरा मिनिटं लागायची, तेवढ्यात ती भांडी घासून यायची. इथे बाबांनी चष्मा पुसून नाकावर चढवेपर्यंत घर उभं! अंगण, ओटा, जाळीचा कठडा, पलीकडे नर्मदेचं चमकतं पाणी. यशोधरा पडद्याजवळ सरकली. इतके महिने जे घर तिनं तुकड्यातुकड्यानं पाहिलं होतं, ते आज अख्खं समोर आलं होतं. तिला नाचावंसं वाटत होतं, पण दुकान अरुंद होतं आणि बाबा शेजारी होते.

तिनं व्हिडिओ सुरू केला. दार उघडलं. विसावा सेकंद आला आणि गेला. बैठक, स्वयंपाकघर, जिना. चाळिसाव्या सेकंदाला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पडदा काळा झाला आणि मशीन गपकन बंद पडलं.

लाइटचा घोटाळा असेल, ललित लगेच म्हणाला. यशोधरेनं वर पाहिलं. ट्यूबलाइट जळत होती, पंखा फिरत होता. तिनं पुन्हा चालवलं. पुन्हा चाळीस सेकंद, पुन्हा तीच पायरी. म्हणजे साध्या कामाला मशीन वाघ होतं आणि पूर्ण जोर लागला की शेपूट घालत होतं.

"भैया, याचा पॉवर सप्लाय दाखवा," ती म्हणाली. भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वाटून देणारा तो डबा. भाव वाचता वाचता तिनं हेही वाचलं होतं, की स्वस्त तयार मशीनमध्ये काटकसर करायची तर विकणारे इथेच करतात, कारण गिऱ्हाईक इथे पाहत नाही.

ललित बिचारा खरोखर गोंधळला होता. त्यानं वायर काढली, थोडा वेळ थांबून कॅबिनेटची बाजू उघडली आणि डबा बाहेर काढून बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो तोलून पाहिला. भरभक्कम होता. इतका जड डबा कच्चा कसा असेल, असं ते म्हणत असतानाच ललितनं डब्याचे चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत एका कोपऱ्यात जेमतेम मूठभर सामान होतं. उरलेल्या जागेत, तळाला नीट चिकटवलेला, एक राखाडी गोळा होता. यशोधरेनं त्यावर नख घासलं. घरांचे नकाशे काढणाऱ्या पोरीला सिमेंट ओळखू येणार नाही का?

ललितचा चेहरा पडला. बंद पडलेल्या एका गोदामातून त्यानं ही दोन मशीनं उचलली होती आणि घेताना त्यानंही हातात तोलूनच घेतली होती. पण त्याच्याहून वाईट अवस्था बाबांची झाली होती. तेहेतीस वर्षांत त्यांनी पास म्हटलेला एकही तुकडा परत आला नव्हता. आणि आज, पोरीच्या देखत, त्यांनी सिमेंट पास केलं होतं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, काटा पिशवीत टाकला.

"चल, यशो. लॉट रिजेक्ट," एवढं म्हणून ते जिना उतरायला लागले.

यशोधरा जागची हलली नाही. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. सोमवार परवावर आला होता. बाबांच्या मागे खाली उतरलं, की मैत्रेयी मॅडमना माफीचा मेसेज पाठवायचा आणि पुन्हा लॅपटॉपच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचं. पण तिनं स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं होतं? चाळीस सेकंद हे मशीन पाण्यासारखं धावलं होतं. कार्ड खरं होतं, मेमरी खरी होती, प्रोसेसर खरा होता. खोटा होता तो एक डबा. ती जिन्याच्या तोंडाशी गेली.

"बाबा," तिनं वरून विचारलं, "कारखान्यात एक नट खराब निघाला तर तुम्ही पूरी गाडी भंगारात टाकत होते का?"

बाबा अर्ध्या जिन्यात थांबले.

"नाही. रीवर्कले पाठवत होतो," ते म्हणाले. "दुरुस्त करा, मग पुन्हा तपासा."

"तर हे रीवर्कच आहे. या, वापस तपासू."

बाबा वर आले. स्टुलावर बसले.

ललितनं शोकेसमधून नवा डबा काढला. यशोधरेनं त्याच्या पुठ्ठ्यावरचा मोठा आकडा सोडून दिला आणि लेबलावरची बारीक अक्षरं वाचली. मोठा आकडा गिऱ्हाइकासाठी असतो, बारीक मशीनसाठी. तिनं तो नाकारला. दुसराही नाकारला. तिसरा घेतला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. ललितनं त्यावर आपला नफा लावला नाही, स्वतःहूनच. तो डबा धरून एकूण हिशेब चौतीसवर थांबला, आणि हे मशीन अजूनही घबाडच होतं. स्क्रू लावताना मग तिचेच हात शिवशिवायला लागले, तिनं ललितच्या हातातून पेचकस घेतला.

बाबांनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. कारखान्याच्या कायद्यानं रीवर्कच्या मालाला अर्ध्या तासाची परीक्षा. तीन मिनिटांचा व्हिडिओ दहा वेळा, न थांबता. ललितनं खोव्याची जिलबी मागवली, पण कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. चाळिसावा सेकंद आला तेव्हा तिघांनीही श्वास धरला. तिसरी पायरी गेली, चौथी गेली आणि घर वर चढत चढत गच्चीवर आलं. गच्चीवरून नर्मदा दिसली. यशोधरेनं ती गच्ची स्वतः बांधली होती आणि आज पहिल्यांदा तिथे पोचली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. सातव्या फेरीला बाबांनी आपणहून विचारलं, हा जिना तूच काढला का. दहाव्या फेरीला त्यांनी घड्याळ उचललं.

मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, ब्रश रंगात बुडवला आणि ब्रशाची दांडी तिच्यापुढे धरली.

यशोधरेला आधी कळलंच नाही.

"मी पास केला तो फेल गेला," बाबा म्हणाले. "तपासलं तू. सही पण तूच कर."

तिनं ब्रश घेतला. ठिपका कुठे लावायचा ते तिनं विचारलं नाही. शिक्का नेहमी जोडल्यावर न दिसणाऱ्या बाजूला ठोकतात, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं मशीन फिरवलं आणि पाठीमागे, नव्या डब्याच्या बटणाशेजारी, श्वास रोखून ठिपका टेकवला. ब्रश जरा सरकला, म्हणून तो थोडा लांबट झाला. बाबांनी वाकून पाहिलं आणि काही दुरुस्त केलं नाही. मग तिघांनी गार झालेली जिलबी खाल्ली.

संध्याकाळी ई-रिक्शातून मशीन रांझीत पोचलं. गीताबाईंनी पदराला हात पुसले, घरच्या रिवाजाप्रमाणे आधी वस्तूची पाठ पाहिली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हा ठिपका तुमच्या हातचा नाही दिसत," त्या म्हणाल्या.

बाबा पिशवीतली बाटली काढून यशोधरेच्या टेबलावर, नव्या मशीनशेजारी ठेवत होते.

"एक्झामिनर बदलला आता," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला आत गेले.