‘टेक’ आणि गळ्यातली पाटी

नागेंद्र सरांच्या बेळगावातल्या इंग्लिश क्लासात जो मराठी किंवा कन्नड बोलेल त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी पडायची. दुसरा कोणी चुकेपर्यंत काढायची नाही. चाळिशीकडे झुकलेली माणसंही ती निमूट घालायची. इंग्रजीपायी माणूस काय वाटेल ते सोसतो.

काल हातावर चहा सांडला आणि सुविधा ‘आई गं’ म्हणाली. झालं, पाटी तिच्या गळ्यात. आज दुपारी गोव्याच्या हॉटेलचे साहेब नोकरीसाठी माणूस निवडायला येणार होते. जागा एकच, आणि पाटीवाल्याला सर त्यांच्यासमोर उभं करत नसत. मग ती जागा ज्योत्स्नाचीच. ज्योत्स्ना तिची निपाणीची मैत्रीण, एका खोलीत राहणारी, एका ताटात जेवणारी.

अकरा वाजता, उशिरा पोचलेल्या सुविधाचा फोन जिन्यातच वाजला. ज्योत्स्ना आधीच वर्गात, तिचा फोन नियमाप्रमाणे सरांच्या ड्रॉवरमध्ये बंद होता. पलीकडे ज्योत्स्नाचा भाऊ बुद्धप्रिय.

“आक्का, आप्पांना दवाखान्यात आणलंय. लई शिरेस हाय. तिला लगेच निपाणीला लावून दे.”

“व्हय, सांगते,” म्हणून सुविधा वर जाऊन बसली ती बसलीच.

सर ‘टेक’ शिकवत होते. चहा घ्यायचा तरी टेक, रजा घ्यायची तरी टेक, कुणाला कुठं न्यायचं तरी टेक. सुविधा एकेक वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवत होती. ज्योत्स्ना शेजारीच बसली होती. पण बाई हलली नाही.

पाऊण वाजता सरांनी तिला वाक्य विचारलं. ती ज्योत्स्नाकडे वळली.

“दे हॅव टेकन युअर फादर टू हॉस्पिटल.”

वर्ग हसला. ज्योत्स्नाही हसली, मग सुविधाचा चेहरा बघून थांबली.

“आप्पांना काय झालं गं?”

सरांना तो सरावच वाटला. त्यांनी सुविधाच्या गळ्यातली पाटी काढून ज्योत्स्नाच्या गळ्यात घातली. ज्योत्स्ना तशीच पाटीसकट जिना उतरून धावत सुटली. सुविधाला शाबासकी मिळाली आणि नोकरीही.

तिसऱ्या दिवशी ती निपाणीला भेटायला गेली. ज्योत्स्ना उंबऱ्यातच बसली होती.

“मी पोचायच्या अर्धा तास आधी आप्पा गेले,” ती म्हणाली. “बुद्धप्रिय म्हणतोय, तुला अकरालाच फोन केलता. व्हय?”

सुविधा मान खाली घालून पायरीवर बसली. ज्योत्स्नाने आतून पाटी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

“दवाखान्यातबी गळ्यातच हुती माझ्या. जाताना घिऊन जा.”