चुंबकाची हलकी ओढ

"काकू, तुमच्यापेक्षा हा गंजका सायलेन्सर बरा. निदान आवाज तरी कमी करतो!"

एवढं बोलून तेजाबराव दोन पावलं मागे सरकला. काकूंना असलं काही ऐकवून कुणी धडपणे जेवायला गेल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं. पण काकूंनी मानही वर केली नाही. "हो हो, ठेव तिथे," म्हणाल्या आणि हातातला ब्रेकचा दांडा पुसत राहिल्या.

तेजाबरावाने सायलेन्सर खाली ठेवला. अॅसिडचा हौद सांभाळणारा हा गडी जिभेनेही तसाच होता, म्हणून हे नाव. काकूंशी भांडल्याशिवाय त्याचा चहा गोड होत नसे. आणि आज काकू भांडल्याच नाहीत. काकूंना नीट ऐकू येत नाहीसं दिसतं, हे सांगायला तो सरळ मालकाकडे गेला.

मोटारसायकलींचे सुटे भाग इथे चकाकी चढवायला येत, नाहीतर पावडरचा रंग भट्टीत भाजून घ्यायला. पण आधी धातू ओळखावा लागे. गंजकं लोखंड अॅसिडच्या हौदात धुऊन निघतं. तिथे चुकून जस्त किंवा अॅल्युमिनियम पडलं, तर हौद त्याचा फडशा पाडतो. ही ओळख म्हणजे काकूंचं राज्य. भाग तारेला टांगायचा, स्क्रूड्रायव्हरने एक टोला द्यायचा आणि निवाडा सांगायचा. लोखंड खणखणतं. अॅल्युमिनियम हलकं वाजतं. जस्त मुखदुर्बळ, 'थप' म्हणून गप्प बसतं.

अलीकडे काकूंच्या कानाला सगळंच जस्तासारखं वाजत होतं. हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. टोला द्यायच्या, मान हलवायच्या आणि डोळ्यांच्या भरवशावर निकाल द्यायच्या. घरी सून "आता पुरे, बसा" म्हणायला टपलेलीच होती, आणि बसण्याची काकूंना मरणापेक्षा जास्त भीती होती. मागच्या आठवड्यात त्यांनी लोखंड म्हणून दिलेली अॅल्युमिनियमची पट्टी हौदातून वर आली ती वाळवी लागल्यासारखी. बोलणी तेजाबरावाने खाल्ली. चूक कुणाची, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

मालक काकूंच्या तपासणीच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ सावकाश हलले. काकूंना ते नीट वाचता आले.

"आजपासून पॅकिंगला बसा, काकू. टेबल तेजाबराव बघेल."

काकूंनी पदराने हात पुसले. रडायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं. कानस गुंडाळायला फडकं घेतलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. हातरुमालात बांधून त्याने पेट्रोलच्या टाकीचं जुनं झाकण आणलं होतं. कधीकाळी लखलखीत असावं, आता चकाकीचे पोपडे निघाले होते. "भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून मिळालंय हो," तो म्हणाला. "याला जोडीदार नाही. जपून करा."

तेजाबरावाने नव्या अधिकाराने चुंबक लावलं. चिकटलं. "लोखंड!" असं म्हणून त्याने झाकण आकड्याला अडकवलं आणि हौदाकडे निघाला.

काकूंना शब्द ऐकू आला नाही, पण आकडा दिसला. त्या आडव्या आल्या.

"दे इकडे."

"अहो काकू, चिकटलंय ना चुंबक!"

"तोंड इकडे करून बोल. आणि दे."

काकूंनी चुंबक झाकणावर ठेवून हळूच उचललं. लोखंडावरून उचलताना ते बोटांना ओढ देतं, सुटता सुटत नाही. इथे ते लग्नाला तोंडदेखलं आलेल्या पाहुण्यासारखं होतं, जरा हात लावला की निघालं. त्यांनी पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. इतकी वर्षं हे बोटांना कळत असणार. पण आवाज आधी सांगून टाकायचा, मग बोटांना कोण विचारणार?

"ही ओढ वरच्या चकाकीतल्या निकलच्या थराची आहे," त्या म्हणाल्या. "आत लोखंड नाही."

"काकू, मागच्या आठवड्यात..." मालक अडखळले.

"मागच्या आठवड्यातली चूक माझी होती. याने उगाच बोलणी खाल्ली." सगळे हातातलं काम सोडून बघायला लागले होते. काकूंचा आवाज चढला. किती चढला, ते त्यांना कळत नव्हतं. "मला ऐकू येत नाही! ऐकू येत असल्याचं सोंग केलं, म्हणून चुकले. आता नाही करणार. याच्या हौदातलं थेंबभर आणा."

झाकणाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी कानशीने बारीक खरवडलं. खाली करडा, मऊ धातू दिसला. तेजाबरावाने स्वतःच्या हाताने काचेच्या नळीतून थेंब सोडला.

फेस असा उसळला की गिऱ्हाईक दचकून मागे झालं.

"जस्त," काकू म्हणाल्या. "हौदात गेलं असतं तर आकडा तेवढा वर आला असता."

तेजाबरावाने नळी खाली ठेवली. मग त्याने दोन्ही हात वर केले आणि काकूंच्या तोंडासमोर येऊन ओरडला, "जस्त! काकू जिंकल्या!" पॉलिशवाल्यांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या काकूंनी डोळे भरून पाहिल्या.

"बोला मालक," त्या म्हणाल्या, "पॅकिंगला कधी बसू?"

मालक हसले. "कसलं पॅकिंग? टेबल तुमचंच."

"माझं असेल तर ते फिरवून द्या. माझी पाठ दाराकडे असते. येणाऱ्याचं तोंड मला दिसलं पाहिजे."

ते लोखंडी टेबल कारखाना उभा राहिल्यापासून जागचं हललं नव्हतं. मालकांनी बाह्या सरसावल्या. तेजाबराव, पॉलिशवाले, भट्टीवाला, सगळे भिडले, आणि ते धूड कण्हत कुथत फिरलं. काकूंनी बोटही लावलं नाही. कमरेवर हात ठेवून "अजून जरा... डावीकडे रे!" करत राहिल्या.

मग दाराकडे तोंड करून बसल्या. एक टोला देऊन बघावा असं फार वाटलं. लोखंडाचा तो खणखणाट आता या जन्मी नाही, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचं दुःख झालंच. स्क्रूड्रायव्हर त्यांनी खणात ठेवून दिला.

दारातून नवं गिऱ्हाईक बोलत बोलतच आत शिरलं. काकूंनी त्याला हाताने थांबवलं.

"असे समोर या. मला ऐकू येत नाही, तोंड बघून कळतं," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "हं, आणा. काय आणलंय?"