हनुवटीवरची गुदगुली

थोरल्याने धाकट्याचं डोकं डाव्या हाताने घट्ट धरलं आणि मगच वस्तरा हनुवटीवर आणला. इतकी वर्षं असंच करावं लागायचं. गालांपर्यंत धाकटा शहाण्यासारखा बसे, आणि पातं हनुवटीला लागलं रे लागलं की गुदगुल्या होऊन खिदळायला लागे. त्याच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत हनुवटीला कापूस चिकटलेला आहे तो त्यामुळेच.

आज तो हललाच नाही. हिसका येणार म्हणून थोरल्याने मनगट सैल ठेवलं होतं. हिसका आला नाही, आणि पातं जरा खोल गेलं.

"आजारपणाने सुधारलास म्हणायचं," थोरला म्हणाला.

रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून धाकटा या हॉस्पिटलात पडून होता. पण आता रक्त स्वच्छ आलं होतं, झडलेली दाढी पुन्हा उगवली होती, आणि उद्या घरी सोडणार होते. दाढी करायला डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा थोरला हजामतीच्या दुकानाला कुलूप लावून धावत आला होता. पलीकडे धाकट्याची बायको पिशव्या भरत होती. भरलेली पिशवी रिकामी करायची, पुन्हा भरायची. आनंदाने तिला काही सुचत नव्हतं.

थोरल्याने कापल्या जागी तुरटी दाबली. दुकानात भलेभले मिशीवाले तुरटीला आई गं म्हणतात. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. थोरल्याने तुरटी पुन्हा फिरवली, या वेळी मुद्दाम, जोर लावून. धाकट्याची पापणीही हलली नाही. मग वाटी धुवायच्या निमित्ताने नळाशी गेला आणि पाणी तसंच वाहू देत उभा राहिला. बोलावं तर यांचं घरी जाणं राहतं. न बोलावं तर काय राहतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्याचीच त्याला भीती वाटली.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्याने हनुवटीचं सांगून टाकलं. आपण उगाच शंका काढतोय असंही वर जोडलं.

बाईंनी उगाच म्हटलं नाही. त्यांनी कापसाची बारीक वात केली आणि धाकट्याला डोळे मिटायला सांगितलं. वात लागली की हो म्हणायचं. कपाळावर हो, गालावर हो. मग बाई थांबल्या. वात हनुवटीपासून दूर, त्यांच्या हातातच होती.

"हो," धाकटा म्हणाला.

त्याने डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. आठवडाभर हनुवटी बधिर होती. कळलं तर ठेवून घेतील, म्हणून गिळून बसला होता.

बाईंनी समजावलं, की रक्तातलं औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात नीट पोचत नाही. त्यामुळे रक्त स्वच्छ असलं तरी आजार तिथे दडून राहू शकतो, आणि हनुवटीची नस बधिर करू शकतो. पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढून तपासावं लागेल.

"तू हजामती कर ना, दादा," धाकटा भिंतीकडे तोंड करत म्हणाला. "डॉक्टरकी कुणी सांगितली होती?"

थोरल्याने वस्तरा पुसला, पेटी बंद केली. त्याला ते लागलं, आणि लागायलाच हवं असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून पाठीतून पाणी काढलं. नळीतलं पाणी काचेसारखं नितळ होतं. ते पाहून बायकोच्या जिवात जीव आला.

"बघा भावोजी, काही नाहीये," ती म्हणाली आणि पिशवीची चेन ओढून घेतली. डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. पण थोरल्याच्या तोंडून ते निघेना.

पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. बाईंनी काही लपवलं नाही. उपाय आहे म्हणाल्या, औषध आता थेट पाठीतून द्यायचं. वेळेत कळलं हे बरंच झालं, पण खात्री देता येत नाही. बायकोने पिशव्या पलंगाखाली सरकवल्या. त्या तिने उघडल्या नाहीत.

कित्येक दिवस धाकटा थोरल्याशी हो-नाहीपलीकडे बोलला नाही. थोरला येई, डबा ठेवी, पाय चेपून जाई. मग एका सकाळी धाकट्याने नुसता गालावरून हात फिरवला.

"खुंट टोचतायत."

थोरल्याने पेटी उघडली. फेस लावला, गाल केले. हनुवटीपाशी आल्यावर त्याचा हात आपोआप थांबला. आता डोकं धरायची गरज नव्हती. ते न धरणं त्याला जमेना. बायको समोरच बसून दोघांकडे बघत होती.

धाकटा एकदम खिदळला. मान आक्रसून, खांदे उडवत, अगदी पूर्वीसारखा. बायकोही हसली. किती तरी दिवसांनी हसली.

वस्तरा अजून हनुवटीला टेकलाच नव्हता.

"हलू नको रे गाढवा," थोरला म्हणाला, आणि त्याने त्याचं डोकं घट्ट धरलं.