लिंबाखालचे पंधरा दिवस

दंडाला गुंडाळलेला रक्तदाबाचा पट्टा सोडवत डॉक्टर रुद्राणी म्हणाल्या, “चाचा, आज नको.”

हिरवा झगा घालून बडेसाब ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाले होते. उजव्या डोळ्यात थेंब घालून झाले होते. ते उठून बसले आणि पाय खाली सोडून जमीन चाचपू लागले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलायची ही तिसरी वेळ. घरी गोळ्यांवर एकशे साठच्या आसपास राहणारा त्यांचा रक्तदाब टेबलावर पाठ टेकली की दोनशेच्या घरात जायचा. डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू आता इतका पिकला होता, की आणखी थांबण्यात धोका होता.

बडेसाबांनी करकंबच्या बाजारात चाळीस वर्षं बायकांना बांगड्या भरल्या. मग एकदा लग्नाच्या चुड्यात हिरव्या बांगड्यांमध्ये दोन निळ्या गेल्या. नवरीकडचं कुणी वाईट बोललं नाही, पण त्यांनी त्या दिवशी बांगड्यांच्या पेटीला कुलूप लावलं ते परत काढलं नाही. पुढं बायको, बिबीजान, गेली आणि मुलीनं, यास्मीननं, त्यांना सोलापुरात आपल्या घरी आणलं. त्याला दोन वर्षं होत आली होती.

डॉक्टरांनी यास्मीनला केबिनमध्ये बसवून घेतलं. गोळी थोडी वाढवून दिली, आणि विजापूर रस्त्यावरच्या वनविहारात त्यांना रोज सकाळी तासभर नेऊन बसवायला सांगितलं. कीड-बुरशीपासून स्वतःला वाचवायला झाडं हवेत काही सूक्ष्म द्रव्यं सोडतात, झाडाचा म्हणून जो वास येतो तो त्यांचाच, असं त्या म्हणाल्या. जपानातल्या डॉक्टरांनी माणसांना रानात बसवून नाडी आणि रक्तदाब मोजून पाहिले होते, दोन्ही थोडे उतरले होते. त्यात वासाचा वाटा किती आणि निवांत बसण्याचा किती, हे रुद्राणींनाही नक्की सांगता येत नव्हतं. गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं ठरलं.

यास्मीन शाळांचे गणवेश शिवायची. दुसऱ्या दिवशी मशीनवर न बसता तिनं वडलांना स्कुटीवर मागं बसवलं आणि सातच्या आत वनविहार गाठलं.

आत पाचोळा झाडणाऱ्या केराबाईंनी त्यांना एका जुन्या कडुलिंबाखालचा बाक दाखवला. बडेसाब बाकाची कड धरून बसले.

“करकंबला काय हवा न्हाय? हवा खायाला हितवर कशाला आणलंस?” ते म्हणाले.

केराबाईंनी खराटा टेकवून ठेवला, लिंबाची चार पानं तळहातावर चुरडली आणि त्यांच्या नाकाशी धरली. बडेसाबांनी मान मागं घेतली. मग स्वतःहून पुढं आणली.

तीन-चार दिवसांत त्यांची बाकावरची पकड सुटली. डोळ्यांपुढं धुकं असल्यानं ते वासावरून झाडं ओळखू लागले. तळ्याकडून वारा आला की निलगिरी, ऊन चढलं की करंज. यास्मीन तिथंच पट्टा बांधून रक्तदाब मोजायची. एकशे अठ्ठावन्न. एकशे बावन्न. एकदा तर एकशे शेहेचाळीस. ती आकडा मोठ्यानं वाचायची आणि बडेसाब ऐकून घ्यायचे.

“पर तितं टेबलापाशी झाडं असत्यात का?” एकदा त्यांनी विचारलं.

यास्मीननं पट्ट्याची घडी करून पिशवीत टाकली. बापलेकीत एरवीही फार बोलणं होत नसे. जेवायला या, गोळी घ्या, एवढंच. दोन वर्षं घर असंच चाललं होतं.

नवव्या दिवशी ती पट्टा बांधत असताना बडेसाब अचानक म्हणाले, “तुज्या अम्माला आत न्हेलं, तवा मी दारात नव्हतो.”

यास्मीनचा हात थांबला.

बिबीजानचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. टेबलावरच तिचं हृदय बंद पडलं. दोन रात्री खुर्चीत काढलेल्या बडेसाबांना त्या सकाळी यास्मीननंच घरी धाडलं होतं, अंघोळ करून दोन घास खाऊन या म्हणून. ते परत आले तेव्हा सगळं आटपलं होतं.

“तिनं मागं वळून बघितलं असंल,” ते म्हणाले. “तितं आडवा झालो की मला ते दारच दिसतं. काय करू?”

यास्मीन पट्ट्याची नळी बोटाला गुंडाळत म्हणाली, “तुम्ही नको म्हणत होता, अब्बा. मीच लावून दिलं तुम्हाला. म्हणून तर तुम्ही माझ्याशी बोलत नाही.”

बडेसाबांनी मान तिच्याकडं वळवली.

“मी? मला वाटायचं तू बोलत न्हाईस. बायकोला टाकून गेलो म्हणून.”

लांब कुठंतरी मोर ओरडला. केराबाईंचा खराटा पाचोळ्यातून खरखरत पुढं गेला. यास्मीननं पदरानं नाक पुसलं.

“तिनं मागं बघितलं होतं,” ती म्हणाली. “मी होते दारात. मला विचारलं, ते जेवले का? मी म्हटलं, जेवायलाच गेलेत. मग हसली आणि गेली आत.”

“हसली?”

“हो.”

बडेसाबांनी चाचपत तिचा हात शोधला. बांगडी भरायच्या आधी धरायचे तसा, बोटं जुळवून, मुठीत धरला आणि तसाच धरून बसले. त्या दिवशी रक्तदाब मोजायचा राहून गेला.

नंतरचे सहा दिवस ते जाता-येता स्कुटीवर बोलत होते. वाऱ्यात यास्मीनला निम्मं ऐकू यायचं नाही, तरी ती व्हय-व्हय म्हणायची.

ठरल्या दिवशी बडेसाब टेबलावर आडवे झाल्यावर डॉक्टर रुद्राणींनी पट्टा दोनदा बांधून आकडा पाहिला. एकशे बेचाळीस. पुढचं काम पाऊण तासाच्या आत झालं. बाहेर येऊन हातमोजे काढत त्या यास्मीनला म्हणाल्या, “झाडांचा गुण आला बघा.”

“आला, मॅडम,” यास्मीन म्हणाली. आणखी काही तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. बडेसाबांनी डोळ्यांची उघडझाप केली, खिडकीकडं पाहिलं, डॉक्टरांकडं पाहिलं. मग यास्मीनकडं वळले आणि बराच वेळ तिच्या कपाळाकडं बघत राहिले.

“केस पिकलं की गं तुजं. कवा?”

“झाली दोन वर्षं.”

“सांगायचं की,” ते म्हणाले.